हत्ताजडीचं पुढचं वर्ष

साधारण साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडं संपतात. भोजपत्राची शेवटची वाकडी खोडं मागे पडली की वर नुसतं गवत. गढवाली लोक या कुरणांना बुग्याल म्हणतात. वर्षातले सहा-सात महिने हे उतार बर्फाखाली असतात. मे महिन्यात बर्फ वितळायला लागतं, जूनमध्ये गवत डोकं वर काढतं आणि त्याच गवतात, ओलसर जागा पाहून, गुडघ्याइतक्या उंचीचे जांभळट-गुलाबी तुरे उभे राहतात. ही हत्ताजडी, एक आमरी, म्हणजे ऑर्किड. लडाखपासून सिक्कीमपर्यंत, पलीकडे नेपाळ, भूतान आणि तिबेटातही, २५०० ते ५००० मीटरच्या दरम्यान ती जमिनीत उगवते. शास्त्रीय नाव डॅक्टिलोऱ्हायझा हटागिरिया. १८२५ मध्ये डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञानं नेपाळच्या वनस्पतींवर लिहिताना तिची पहिली नोंद केली, आणि तिकडचं तिचं बोलीतलं नावच शास्त्रीय नावात ठेवलं.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या पुढे सरकतो, कूलरसमोरून उठवत नाही, तेव्हा तिकडे या झाडाचा कोंब बर्फाखालच्या मातीत थांबलेला असतो. तरीही या दोन जागांचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो नागपूरच्या इतवारी बाजारातून जातो.

त्याआधी आमच्या भागातल्या आमऱ्यांविषयी थोडं सांगायला हवं. ऑर्किड म्हटलं की आम्हा विदर्भातल्या माणसांना आठवतो तो मोहाच्या किंवा आंब्याच्या फांदीला बिलगलेला वांदा, ज्याला कोणी रास्नाही म्हणतात. जाड, खोबणीदार पानं, तपकिरी नक्षीची फुलं, आणि हवेत लोंबणारी मुळं. त्यामुळे आमरी म्हणजे झाडावर राहणारी वनस्पती, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं २०१९ मध्ये देशातल्या आमऱ्यांची एकत्र यादी प्रसिद्ध केली. तिच्यातल्या १२५६ प्रकारांपैकी ७५७ झाडांवर वाढणारे आहेत आणि ४४७ जमिनीतून उगवणारे. हा दुसरा आकडा लहान नाही. मेळघाटात, चिखलदऱ्याच्या वरच्या पठारांवर, पावसाळ्यात गवतातून हिरवट-पांढऱ्या फुलांच्या हॅबेनारिया येतात. पर्यटक भीमकुंडाचा धबधबा आणि धुकं पाहून परततात, आणि या आमऱ्या त्यांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर उभ्या असतात. मला जमिनीवरच्या आमऱ्यांची ओढ तिथंच लागली. त्यांचं निम्मं आयुष्य मातीत चालतं. वर दिसतं ते दोन-तीन महिन्यांपुरतं.

हत्ताजडी मी पाहिली ती उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, फुलोंकी घाटीत. नागपूरहून दिल्ली, पुढे हरिद्वार, मग नदीच्या काठाकाठानं गोविंदघाटपर्यंतचा लांबलचक घाटरस्ता, आणि पुलन्यापासून घांगरियापर्यंत पायी. हेमकुंड साहिबला निघालेल्या यात्रेकरूंची वाटही हीच आहे, त्यामुळे खेचरं, चहाच्या टपऱ्या आणि 'वाहेगुरू'चा जप सोबतीला असतो. घांगरियाच्या पुढे वाट फुटते. उजवीकडची गर्दी हेमकुंडाकडे चढते आणि डावीकडे माणसं एकदम कमी होतात. १९३१ मध्ये कामेत शिखर सर करून परतणारे फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती या खोऱ्यात उतरले, तेव्हापासून जगाला ते माहीत झालं. तिथल्या मेंढपाळांना अर्थातच ते आधीपासून माहीत होतं. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग नावाची बाई इथं वनस्पती गोळा करताना कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी घाटीतच आहे. १९८३ पासून चराई बंद आहे, रात्री मुक्कामाला परवानगी नाही, आणि एकही फूल तोडायचं नाही. हे नियम मला फार आवडले. तिथं माणसाला पाहुण्यासारखं वागवलं जातं, आणि ते योग्य आहे.

आमच्यासोबतचा वाटाड्या भ्यूंडारचा, चाळिशीतला. त्यानं दाखवल्याशिवाय मला हत्ताजडी दिसली नसती, कारण जुलैत तिथं रंगांची इतकी दाटी असते की एकेक झाड वेगळं काढायला डोळा सरावावा लागतो. तेरड्याच्या भाऊबंदांचे कमरेएवढे ताटवे, पांढरे जिरॅनियम, पिवळी पोटेंटिला. त्याच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं, तर ओढ्याच्या ओल्या कडेला पाच-सहा तुरे.

मी भिंग घेऊन गवतात बसले. तुरा म्हणजे तीस-चाळीस फुलांची दाट चवड. प्रत्येक फुलाखाली एक टोकदार हिरवं पान, खालच्या फुलांना तर ती पानं फुलाच्याही बाहेर डोकावणारी. फुलाची खालची पाकळी रुंद, तीन भागांत विभागलेली, आणि तिच्यावर गडद जांभळ्या ठिपक्यांच्या नि रेघांच्या नागमोडी ओळी, सगळ्या मध्याकडे, घशाच्या छोट्या दाराकडे जाणाऱ्या. मागं किंचित वाकलेली एक नळी, स्पर. फुलाचं देठ वाटावं असा जो भाग असतो तो खरं तर बीजांडकोश, आणि तो पिळून काढलेल्या धुण्यासारखा वळलेला. कळी असताना जी पाकळी वर असते ती खाली यावी, किड्याला उतरायला ओटा मिळावा, म्हणून अख्खं फूल अर्धा फेरा फिरतं. मी एकेक फूल पाहत गेले. प्रत्येकाचा पीळ स्पष्ट दिसत होता.

एवढ्यात एक केसाळ, गुबगुबीत भुंगा आला, ज्याला बंबलबी म्हणतात तो. तो खालच्या फुलावर उतरला, तोंड आत खुपसलं, दुसऱ्यावर गेला, तिसऱ्यावर गेला, आणि उडाला. त्याच्या कपाळावर दोन पिवळसर, गदेच्या आकाराचे लहानसे दांडे चिकटलेले होते. आमरीचे परागकण सुटे उडत नाहीत. त्यांची गाठोडी असते, तळाला चिकट गोळी, आणि ती किड्याच्या डोक्याला डकवली जाते. चार्ल्स डार्विननं या आमरीच्या युरोपातल्या नातेवाईक जाती टेबलावर ठेवून पाहिल्या होत्या. पेन्सिलीचं टोक फुलात घालून त्यानं ही गाठोडी बाहेर काढली, आणि त्याच्या लक्षात आलं की पेन्सिलीवर ताठ उभी असलेली ती दांडी सुमारे अर्ध्या मिनिटात पुढं झुकते. झुकली नाही तर पुढच्या फुलात ती भलत्याच जागी आपटेल. झुकली की बरोबर चिकट गादीवर, जिथं पराग पोचायला हवेत तिथं. अर्धं मिनिट म्हणजे किड्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला लागणारा वेळ. असं काही वाचलेलं असणं वेगळं आणि भुंग्याच्या कपाळावर ते प्रत्यक्ष पाहणं वेगळं. माझे हात कापायला लागले होते.

त्या भुंग्याला बदल्यात काय मिळालं? या वंशातल्या बहुतेक जातींच्या नळीत मध नसतो. रंग आणि ठिपक्यांच्या रेघा पाहून किडे येतात, रिकामे परततात, आणि दोन-चार फुलांनंतर शहाणे होऊन दुसरीकडे वळतात. म्हणून या आमऱ्यांच्या सगळ्या फुलांना फळ धरत नाही.

जे फळ धरतं त्यात मात्र बियांची रेलचेल. डार्विननं हत्ताजडीच्या एका जवळच्या जातीच्या बोंडातल्या बिया मोजल्या, एका बोंडात सुमारे ६२००. तीस बोंडं धरली तर एका झाडाच्या सुमारे १,८६,०००. त्यानं पुढं हिशेब केला की प्रत्येक बी रुजली तर त्या एका झाडाची पतवंडं पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन झाकून टाकतील. तसं होत नाही, कारण ही बी म्हणजे निव्वळ धूळ. गव्हाच्या, हरभऱ्याच्या दाण्यात रोपाला पहिले दिवस पुरेल इतकी शिदोरी असते. आमरीच्या बीत ती नसतेच. नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच तरुणाला १८९९ मध्ये जंगलात मातीखाली रुजणाऱ्या आमरीच्या बिया सापडल्या, आणि त्यावरून त्यानं उलगडा केला की बी रुजायला एक विशिष्ट बुरशी लागते. ती बीत शिरते, मातीतलं अन्न तिला पुरवते, आणि तेव्हा कुठं बीची एक बारीकशी गाठ होते. बर्फाच्या उतारावर, वर्षातले चार-पाच महिनेच जिथं वाढायला मिळतात, तिथं त्या गाठीचं झाड होऊन पहिला तुरा यायला कित्येक वर्षं जातात.

पण ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले ती गोष्ट फुलात नाही. ती त्याच ओढ्याच्या काठाला दिसली.

पाण्यानं काठ कापून नेला होता, आणि एका हत्ताजडीच्या मुळाखालची माती ढासळली होती. झाड वर उभं, फुललेलं, आणि त्याचा तळ उघडा. आत हाताच्या पंज्यासारखे दोन कंद होते. एक काळपट, सुरकुतलेला, बोटं पोकळ झालेली. दुसरा पांढरा, भरीव, ओला, तीन-चार बोटांचा, आणि त्याच्या वरच्या टोकाला, खोडाला चिकटून, एक बारीक फिकट कोंब. वाटाड्या खाली वाकला आणि काळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "दीदी, ये इस साल का. और ये सफेदवाला अगले साल का."

वाटाड्याचं ते वाक्य वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर आहे. हत्ताजडी दरवर्षी नवी होते. गेल्या वर्षी साठवलेला पंजा यंदाचा कोंब, पानं आणि तुरा वर आणण्यात खर्ची पडतो आणि फुलं येईस्तोवर रिता होतो. तोवर पानांनी उन्हातून मिळवलेलं सगळं बाजूच्या नव्या पंज्यात भरलं जातं. ऑक्टोबरात वरचं सगळं वाळून जातं. बर्फाखाली उरतो तो हा एक पांढरा पंजा आणि त्याच्या टोकावरचा कोंब. एखाद्या वर्षी दोन पंजे झाले तर एकाची दोन झाडं होतात. एरवी एकाला एक.

वाटाड्यानं ढासळलेली माती ओंजळीनं पुन्हा लावली, वरून दोन दगड दाबले. त्याच्या लहानपणी घाटीबाहेरच्या बुग्यालांत हत्ताजडी खूप होती, हे त्यानं जाता जाता सांगितलं. कापलं, कुऱ्हाड लागली, हाड दुखावलं की आजी कंद उगाळून लेप लावायची. घरापुरते दोन-चार कंद काढले जायचे. मग खरेदी करणारे यायला लागले, आणि लोक पोती घेऊन वर जायला लागले.

आता इतवारी.

माझ्या भाचीचे दिवस भरत आले होते आणि मावशीनं बाळंतिणीच्या लाडवांची यादी माझ्या हातात दिली. डिंक, खारीक, मेथी, गोखरू, कमरकस, सफेद मुसळी, सालमपंजा. सालमपंजा म्हणजे हत्ताजडीचा वाळवलेला कंद. इतवारीत काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. दारात हिरडा-बेहड्याची पोती, आत छतापर्यंत बरण्या, वेखंडाचा आणि नागरमोथ्याचा वास कपड्यांना घरापर्यंत सोबत करतो. मला ही दुकानं मनापासून आवडतात. बाकी सगळं दुकानदारानं वजन करून पुड्या बांधल्या. सालमपंजा मात्र त्यानं गल्ल्यामागच्या बरणीतून काढला आणि तो कागदावर ठेवला.

"पहाडातला माल हाय, ताई. आता पहिल्यासारखा येत नाही."

"येतो कुठून?"

"दिल्लीवरून. त्याच्या आधी कुठून येते ते आम्हाले काय माहीत? घेऊन जा न, बाळंतिणीले ताकद येते."

मी एक तळहातावर घेतला. वाळून अंगठ्याएवढा झालेला, पिवळट, शिंगासारखा कडक, अर्धपारदर्शक. चार बोटं, त्यांतलं एक तुटकं. आणि वरच्या टोकाला, जिथं खोड मोडून काढलेलं होतं तिथं, एक वाळलेलं टोक. ओढ्याच्या काठावर पाहिलेला फिकट कोंब तो हाच. बरणीतले सगळे पंजे भरीव होते, एकही पोकळ नव्हता. पोकळ, काळा पंजा कोण विकत घेणार? खणणारा माणूस काळा तिथंच टाकतो आणि पांढरा पिशवीत घालतो. म्हणजे या बरणीत जे होतं ते सगळं पुढचं वर्ष होतं. बहुतेक वेळा खणतातही बोंडं पिकायच्या आधी, म्हणजे बियांची धूळसुद्धा त्या उतारावर पडत नाही.

वाळल्यावर एकेका पंज्याचं वजन काही ग्रॅम भरतं, तेव्हा किलोभर मालामागे शेकडो झाडं जातात. तुर्कस्तानात याच कुळातल्या कंदांचं पीठ करून सालेप नावाचं गरम पेय आणि चिवट आइस्क्रीम करतात. तिथं किलोभर पिठाला हजार ते चार हजार कंद लागतात, आणि तिथलेही डोंगर असेच रिकामे होत आले आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सायटिस करारात ऑर्किडचं अख्खं कूळ आहे. नेपाळनं हत्ताजडी गोळा करण्यावर बंदी घातली आहे. हिमालयातल्या औषधी वनस्पतींचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी तिला अतिसंकटग्रस्त ठरवलं आहे. हे सगळं कागदावर आहे आणि बरणी इतवारीत आहे.

दुकानदारावर मी रागावले नाही. तो त्याच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेला माल विकतो, आणि माल कमी येतोय हे त्यानंच मला आपणहून सांगितलं. चरकसंहितेतला मुंजातक म्हणजे हाच कंद असं अनेक वैद्य मानतात. त्याची परंपरा मोठी आहे आणि मला तिचा आदर आहे. त्या कंदात चिकट, फुगणारी कर्बोदकं भरपूर असतात, त्यानं अंग भरतं हेही खरं असेल. पण बाळंतिणीच्या लाडवात तूप असतं, डिंक असतो, खारीक असते, बदाम असतात. त्यात एका कोंबाचं पुढचं वर्ष घातल्यानं जे वाढेल त्यासाठी एवढी किंमत मला फार वाटते. आणि ती किंमत आपण देत नाही. ती तो उतार देतो. आमच्या जंगलांवरही हा भार आहेच. अमरकंद नावाच्या, जमिनीतच वाढणाऱ्या आमऱ्यांचे कंदही सालममिश्री म्हणून खपतात.

मी सालमपंजा घेतला नाही. मुसळी दुप्पट घेतली.

घरी मावशीला सांगायचं जरा अवघड होतं, कारण ती यादी तिच्या सासूपासून चालत आलेली. मावशी काटोलकडची, शेतकऱ्याच्या घरातली, पंच्याहत्तरीची. मी तिला फोनमधला ओढ्याकाठचा फोटो दाखवला. काळा पंजा कोणता, पांढरा कोणता, कोंब कुठं, दुकानात कोणता येतो, सगळं सांगितलं. तिनं चष्मा वर-खाली करून फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे बेणं खाऊन राहिले लोक! बेणं खाते का कोणी?"

ज्यांच्या घरात हळदीचं, आल्याचं बेणं पोत्यात वेगळं झाकून ठेवायची रीत आहे, घरात कितीही नड असली तरी त्या पोत्याला हात लागत नाही, त्यांना आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

आणि बेण्यावरूनच पुढचं बोलणं निघालं. सफेद मुसळीही कधी काळी अशीच जंगलातून उपसली गेली. सातपुड्यातल्या रानातली मुसळी दुर्मीळ झाली. तिच्या शास्त्रीय नावात आपलं बोरिवली आहे, म्हणजे एकेकाळी ती मुंबईच्या वेशीवरही होती. आज बाजारातली मुसळी मुख्यतः शेतातून येते. अमरावती-अकोला पट्ट्यात, अंजनगाव सुर्जी आणि अकोटकडे पानवेल, पानपिंपळी करणारे शेतकरी मुसळीही करतात. पावसाच्या तोंडावर लावायची, पानं वाळली की हिवाळ्यात खणायची, आणि खणल्यावर पहिलं काम म्हणजे कोंबासकट चांगल्या मुळ्या बेण्यासाठी बाजूला काढायच्या. विकायचं ते उरलेलं. हत्ताजडीला अजून असा शेतकरी मिळालेला नाही. गढवालमधल्या श्रीनगरच्या हेमवतीनंदन बहुगुणा विद्यापीठाचं उंचावरच्या वनस्पतींचं संशोधन केंद्र आहे. तुंगनाथजवळच्या त्यांच्या रोपवाटिकेत अतीस, कुटकी यांच्यासारख्या बुग्यालातल्या औषधींना वाफ्यात वाढवायचं काम कित्येक वर्षं चालू आहे. आमरीची बी बुरशीशिवाय, साखरेच्या माध्यमावर बाटलीत रुजवता येते हे अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी १९२२ मध्येच दाखवलं, त्यामुळे प्रयोगशाळेतून हत्ताजडीची रोपंही होतात. बाटलीतून उतारावर जाणं मात्र फार हळू चालतं. त्या रोपाला तिथली माती, तिथली बुरशी आणि तिथला बर्फ सगळंच लागतं, आणि त्याला तुरा येईपर्यंत वाट पाहायला परवडेल असा शेतकरी लागतो. त्याला तेवढी वर्षं काहीतरी आधार मिळायला हवा. माझं ठाम मत आहे की बंदीच्या कागदापेक्षा या आधारावर अधिक पैसा खर्च व्हायला हवा.

तोवर इतवारीत विचारणं आपल्या हातात आहे. मी दर वेळी विचारते, कुठून येतो, लागवडीचा आहे का. पुढच्या खेपेला त्याच दुकानदारानं मुसळीची पुडी बांधताना आपणहून सांगितलं, "ही अकोटची हाय, शेतातली." त्याला ते सांगावंसं वाटलं याचं मला फार बरं वाटलं.

लाडू छान झाले. मावशीच्या वहीत त्या लाडवांचं जे पान आहे त्यावर तिनं सालमपंजाच्या ओळीवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'मुसळी दुप्पट, शेतातली.' त्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला, तिथून भाचीच्या सासरी वर्ध्याला, आणि तिथल्या दोघी-तिघींचे मला फोन आले. बहुतेकींचा प्रश्न एकच होता, मुसळी तुपात तळून कुटायची की कच्चीच कुटायची. मावशी तळत नाही. उन्हात कडक वाळवते, कुटते, वस्त्रगाळ करते, आणि मग चमचाभर तुपावर मंद आचेवर परतून घेते.